नऊ कोटांसाठी एक कोट

सुट्ट्या संपल्या की सलून ओस पडतं, हे दादाला इतक्या वर्षांच्या धंद्यानंतरही दर वर्षी नव्यानेच कळायचं. सुट्टीच्या आधी माणसं दारात ताटकळत उभी राहून केस कापून घेतात. मग पाहुणे, जेवणं, फोटो सगळं उरकलं की महिनाभर कुणी फिरकत नाही. केस वाढायला वेळ लागतो, त्याला दादा तरी काय करणार? दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, आणि त्या आरशांत एकामागे एक बसलेले पंधरा-वीस दादा. सगळेच्या सगळे रिकामे.

दादा मुळात एका भावाचा आणि एका बहिणीचा दादा. पण ती हाक गल्लीभर पसरली आणि त्याच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंही 'दादा, कानावरचे जरा कमी करा' म्हणायला लागली. ओघानेच त्याची बायको सगळ्यांची वहिनी झाली.

दादाचा हात सढळ. म्हणजे किती सढळ, तर बिल टेबलावर यायच्या आधी त्याचं पाकीट बाहेर. एकदा धाकट्या भावाने बिचाऱ्याने स्वतःचं पाकीट खिशातून अर्धं वर काढलं होतं, तर दादाने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, "अरे, मी अजून जिवंत आहे ना?" धाकट्याने पाकीट परत सरकवलं. त्यानंतर त्याने पुन्हा तो प्रयत्न केला नाही, आणि दादाला वाटलं, पोराला पटलं.

या वर्षी तर विचारायलाच नको. परदेशातली बहीण, ताई, सहा वर्षांनी नवऱ्यामुलांसकट आली. धाकटाही सहकुटुंब आला. मग नावेतून फेरी झाली, मुलांना खेळणी झाली, मोठ्या हॉटेलात जेवण झालं. तिथे एका कोपऱ्यात बँड वाजत होता, तर दादाने खूश होऊन सगळ्या वादकांना आपल्या खर्चाने केक पाठवला. शेवटच्या दिवशी स्टुडिओत सगळ्यांचा मिळून फोटो ठरला आणि त्या फोटोसाठी दादाने स्वतःला एक कोट घेतला. काळा, लांब, गुडघ्याच्याही खाली येणारा, हाताला मांजरासारखा मऊ. तो घालून दादा दुकानातल्या आरशासमोर उभा राहिला तेव्हा, आयुष्यभर दुसऱ्यांना आरसा दाखवणाऱ्या या माणसाने पहिल्यांदाच स्वतःकडे नीट पाहिलं. वहिनी म्हणाली, "छान दिसतो." एवढंच म्हणाली.

हे सगळे पैसे कुठून आले, तर कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून.

तो डबा वहिनीचा होता. वहिनी शिवणकाम करायची, आणि तेही स्वयंपाकघरात. जेवणाच्या टेबलावर मशीन. जेवायची वेळ झाली की मशीन उचलून खिडकीशी, जेवण झालं की परत टेबलावर. गिऱ्हाइकाचं माप फ्रिज आणि शेगडीच्या मधल्या फटीत उभं करून घ्यायचं. हात पसरा म्हटलं की एक हात फ्रिजवर आपटायचा आणि दुसरा मसाल्याच्या फळीवर. सलूनला लागूनच एक छोटा गाळा रिकामा होता. तो आपला व्हावा, दारावर आपली पाटी असावी, ही वहिनीची किती वर्षांची इच्छा. गाळ्याचा मालक कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याने शब्द दिला होता की अनामत रक्कम जमली की गाळा वहिनीलाच. त्या रकमेसाठी वहिनी टाक्याटाक्याने डबा भरत आली होती.

पाहुण्यांची गाडी नजरेआड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने डबा टेबलावर आणून ठेवला.

"हलका लागतोय," ती म्हणाली.

दादाने चहाच्या कपात डोकं घातलं. "मी भरणारच होतो गं. सुट्टीत धंदा जोरात होता ना, म्हटलं त्यातून…"

"सुट्टी संपली, अहो."

"तू एकदा तरी थांबवायचं होतंस मला."

"ताई सहा वर्षांनी आली होती. तिच्यासमोर तुमचा हात धरला असता तर बरं दिसलं असतं का?" वहिनीचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर दादाला बरं वाटलं असतं. "चष्मेवाले काल भेटले होते. कुणी मोबाईलची कव्हरं विकणारा आलाय, तो आत्ता पैसे द्यायला तयार आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणाले. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत. मग गाळा त्याला."

दादाला जे जे म्हणावंसं वाटत होतं, ते डब्याइतकंच पोकळ होतं. वहिनीने कप उचलले, मशीन टेबलावर आणलं आणि कामाला बसली.

त्या दिवसापासून वहिनीने घर हातात घेतलं. हात आखडता घेणं तर कुणालाही जमतं, पण वहिनीने तो अशा बेताने घेतला की घराला त्याची झळ लागली नाही. सुट्टीतल्या भेटवस्तूंवरचे उरलेले रंगीत कागद इस्त्री करून पुन्हा विकायला गेले. सेलमध्ये घेतलेलं पाय दाबायचं यंत्र, जे पाय दाबण्यापेक्षा चिमटे जास्त काढायचं, ते समोरच्या इमारतीतल्या हौशी आजोबांना गेलं. एका सूपचे तिने तीन दिवस तीन अवतार केले आणि तिसऱ्या दिवशी दादाने वाटी पुढे करून विचारलं, "हे नवीन काय केलंस?"

दादानेही कंबर कसली. सलून रिकामं तर सलून दारोदारी न्यावं, म्हणून तो पेटी घेऊन म्हाताऱ्यांचे केस घरी जाऊन कापू लागला. त्यात दोन पैसे सुटले, पण म्हातारे चहा पाजून गप्पांत इतके गुंतवायचे की एका डोक्यात दुपार जायची. मग एका बाईंनी विचारलं, आमच्या कुत्र्याचे कापाल का? दादा म्हणाला, केस ते केस. कुत्रा अर्धा कापून झाला आणि त्याने मत बदललं. दादा अंगठ्याला पट्टी बांधून घरी आला आणि कुत्रा गल्लीत तसाच, अर्धा सिंह अर्धा कोकरू, फिरत राहिला. तो बघून दोघांनी दादाला विचारलं की हे तुमचंच काम का. दादाने चक्क नाही म्हणून सांगितलं.

खरी युक्ती काढली ती वहिनीने. एका सकाळी तिने खिडकीतून शेजारच्या बाईंना पाहिलं. त्या ऑफिसला निघाल्या होत्या आणि जिन्यात श्वास रोखून स्कर्टचं बटण लावायला झगडत होत्या. वहिनीने त्याच दिवशी सलूनच्या काचेवर आतून एक कागद लावला: 'धुण्यात आटलेले कपडे सैल करून मिळतील.'

दादा म्हणाला, "आटलेले? कपडे कुठे आटलेत? खाऊन खाऊन माणसं फुगलीत!"

"हो ना? मग तसं लिहा आणि बघा कोण येतं ते."

आणि माणसं आली. शेजारच्या बाई आल्या, बँकेतला कारकून आला, शाळेच्या मुख्याध्यापिका तर दोन पिशव्या घेऊन आल्या. प्रत्येक जण दारातूनच सांगायचा की हल्ली साबण फार वाईट येतात. वहिनी गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची. "पाणी पण बदललंय हो," ती म्हणायची आणि टेप अशी फिरवायची की आकडा गिऱ्हाइकाला दिसू नये. तो ती मोठ्याने कधी म्हणायचीही नाही. दादा माणसांना सलूनमधून घरी आणून सोडायचा, दारात उभा राहून हे सगळं बघायचा आणि त्याला आपल्या बायकोचा इतका अभिमान वाटायचा की आलंच एखादं गिऱ्हाईक तर त्याचे केस कापता कापता त्यालाच ऐकवायचा. माणसाचा मान राखून त्याचं पोट मोजणं, हे काम साधं नव्हे.

शिवाय वहिनीची कामाची एक रीत होती. ती नवा कपडा शिवताना शिवणीच्या आत माया भरपूर सोडायची. दोन्ही बाजूंना चांगलं दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलेलं असे. बाकीचे शिंपी कापड वाचवायला ते कापून टाकतात. वहिनी म्हणायची, माणूस आहे, वाढणार, उतरणार, पुन्हा वाढणार. कपड्याने त्याला जागा द्यायला हवी. तिच्याकडचा कपडा उसवून, शिवण थोडी कडेला सरकवून, पुन्हा शिवला की झाला सैल.

या रीतीमुळेच बँडमास्तर आला. हा मिशीवाला भारदस्त माणूस एका हातगाडीवर कोटांचा ढीग घालून सलूनच्या दारात उभा राहिला. दादाने वहिनीला बोलावून आणलं. लालभडक कोट, काळी कॉलर, सोनेरी बटणं. पाच वर्षांपूर्वी वहिनीनेच शिवलेले.

"वहिनी, आमचे सगळे कोट एकदम आटले," तो म्हणाला. "नऊच्या नऊ. रविवारी बागेत कार्यक्रम आहे. ट्रम्पेटवाल्याचं बटण परवा सरावात उडालं ते ढोलावर जाऊन आपटलं."

वहिनीने एक कोट उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि हसली. "आत कापड आहे. मीच ठेवलंय. रविवारी दुपारी तयार मिळतील." मग तिने सांगितलेल्या मजुरीला बँडमास्तर तिथल्या तिथे हो म्हणाला. कार्यक्रम झाला की रोख. दादाने मनातल्या मनात हिशेब जुळवला. तोच महिन्याचा शेवटचा रविवार होता, आणि तेवढे आले की डबा पुरता भरत होता. गाळा होत होता.

जाता जाता बँडमास्तर दादाकडे बघून थांबला. "तुम्हीच ना ते? हॉटेलात आम्हाला केक पाठवणारे? वा! काय केक होता! पोरं अजून नाव काढतात."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा छताकडे पाहू लागला. डब्यातले पैसे बँडच्या पोटावर गेले होते आणि आता त्याच पोटांवरून परत येणार होते. वहिनीला हसू आवरेना, आणि सुट्ट्या संपल्यापासून घरात पहिल्यांदाच दोघं मिळून हसली.

कामाला वेग आला. सलूनमध्ये माशा मारण्यापेक्षा बायकोच्या हाताखाली बसलेलं बरं, म्हणून दादा दुपारी सलून बंद करून घरी यायला लागला. वहिनीने त्याला लोंबणारे दोरे कापायचं काम दिलं. त्यात तो वाकबगार निघाला. केसांच्या बारीक कात्रीने तो असे दोरे कापायचा की कापडाला कळू नये. "तुमच्या हाताला तोड नाही," वहिनी म्हणाली. दादा फुलून गेला. हे कौतुकच पुढे नडलं.

शनिवारी सकाळी वहिनीने नऊही कोट बाजूंनी उसवून पलंगावर मांडले आणि ती सोनेरी बटणं आणायला बाजारात गेली. दादा कोटांकडे बघत बसला. उसवलेल्या कोटांच्या कडा बाहेर आल्या होत्या. पाच वर्षं आत दबलेलं ते कापड चुरगळलेलं, मळकट, कडेने दोरे सुटलेलं. कुठे जास्त, कुठे कमी. आता, केस कापणाऱ्या माणसाचं एक असतं. त्याला वेडीवाकडी कड बघवत नाही. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाची मानेवरची रेष वाकडी असेल तर दादाचा स्टॉप येईपर्यंत जीव कासावीस व्हायचा. इथे तर नऊ कोटांच्या अठरा बाजू डोळ्यांसमोर पसरलेल्या. त्याने कात्री घेतली. आधी नुसते दोरे कापले. मग दोऱ्यांच्या मुळाशी असलेली वाकडी कड सरळ केली. मग दुसरी बाजू पहिलीच्या बरोबरीला आणली. हात एकदा चालायला लागला की दादा शीळ घालायचा. शीळ घालत घालत त्याने नऊच्या नऊ कोट असे नीटनेटके केले की नव्या नवरदेवाच्या कल्ल्यांनी लाजावं.

वहिनी आली, बटणांची पुडी टेबलावर ठेवली आणि पलंगाकडे गेली.

"कसं झालंय?" दादाने विचारलं.

वहिनीने एक कोट उचलला. ठेवला. दुसरा उचलला. मग खाली वाकून तिने फरशीवरची लाल कापडाची एक पट्टी हातात घेतली. "हे कापड," ती हळूच म्हणाली, "हेच सोडायचं होतं मला. एवढ्यावरच कोट सैल होणार होते."

दादाला समजायला क्षणभर वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या हातातली कात्री गळून पडली.

"आता जुन्या मापालाही जेमतेम येतील," वहिनी म्हणाली आणि पलंगाच्या काठावर बसली. ती रडली नाही. नुसती त्या पट्टीला बोटांनी सरळ करत राहिली, सरळ करत राहिली. दादाने तिला असं हात टाकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे लाल कापड मिळेल ना कुठे? मी जातो, आत्ता जातो."

"कधीच बंद झालं ते. आणि नवं घ्यायचं म्हटलं तर मजुरी सगळी त्यातच जाईल. मग गाळा कशाने घ्यायचा?" तिने मान हलवली. "काळ्या पट्ट्या घातल्या तर कॉलरला शोभतील. काखेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना. पण तसं चांगलं, जाड, मऊ काळं कापड…"

ती बोलता बोलता थांबली. तिच्या मनात काय आलं ते दादाला कळलं, आणि ती ते तोंडातून काढणार नाही हेही कळलं. तो उठला. कपाट उघडून कोट काढला. अजून त्याला दुकानातल्या कागदाचा वास येत होता. त्याने तो मशीनशेजारी टेबलावर पसरला. पसरल्यावर तो केवढा तरी मोठा दिसला.

"नाही," वहिनी म्हणाली. "एकदाच घातलाय तुम्ही. त्या फोटोत किती…"

"फोटो काढून झालाय," दादा म्हणाला. "पुरेल का ते सांग."

वहिनीने खडू घेतला. कोटाचे भाग सुटे करून तिने पाठीवर, पुढच्या दोन्ही बाजूंवर, बाह्यांवर रेघा मारल्या. इंचभर कापड वाया जाऊ नये म्हणून ती एक रेघ दोनदा पुसायची. सगळं आखून झाल्यावर तिने आपली मोठी, जड कातर उचलली. या कातरीला ती घरात कुणाला हात लावू देत नसे, दादाला तर मुळीच नाही. ती तिने दादापुढे धरली.

"मी?" दादा घाबरला. "आत्ता एवढं करून ठेवल्यावर?"

"तुमच्याइतकी सरळ रेष मला नाही कापता येत. इतका हात सरळ चालला म्हणून तर ही वेळ आली." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "कापा. फक्त रेघेवरून. रेघेच्या पलीकडचं काही आवरू नका."

आणि दादाने स्वतःचा कोट कापला. पहिल्या घावाला त्याचा जीव वरखाली झाला, खोटं कशाला बोला. पण मग कातर चालायला लागली आणि दादाच्या लक्षात आलं की वहिनीने प्रत्येक पट्टीलाही कडेने दोन बोटं माया आखली आहे. डोक्यावर एवढं संकट, कापड असं तोलूनमापून, आणि तरी ही बाई पुढच्या वर्षीच्या पोटांची सोय करत होती! दादाला भरून आलं. एवढी वर्षं आपण या बाईच्या शेजारी बसून जेवतो, मशीन खिडकीशी ठेवायला एक हात लावतो, आणि तिची खरी उंची आपल्याला दिसली नाही, असं त्याला वाटलं. "मी चुकलो गं," तो म्हणाला. "कोटांचंही आणि डब्याचंही."

"रेघेकडे लक्ष द्या," वहिनी म्हणाली. पण थोड्या वेळाने तिने उठून त्याच्यासाठी चहा ठेवला, आणि इतके दिवस बेताने घालत असलेली साखर त्यात पहिल्यासारखी घातली.

रविवारी दुपारी बँडमास्तरने कोट घातला आणि आरशात हात वर करून बघितलं. काखेपासून खाली काळी पट्टी. त्याच्या भुवया वर गेल्या. "हे काय? हे ठरलं नव्हतं."

"कॉलरला जोडून घेतलंय," वहिनी म्हणाली. "आवडलं नाही तर मजुरी देऊ नका. पण आधी वाजवून बघा."

बँडमास्तरने ट्रम्पेट उचललं, छाती भरून श्वास घेतला आणि असा लांबलचक सूर लावला की खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं झालं. त्याने ट्रम्पेट खाली घेतलं. "पाच वर्षांत पहिल्यांदा," तो म्हणाला, "पुरता श्वास गेला."

संध्याकाळी बागेत चिक्कार गर्दी होती. धाकटा खास कार्यक्रमासाठी बायकोमुलांना घेऊन आला होता. बँड मांडवात उभा राहिला, बँडमास्तरने खूण केली आणि सगळ्यांनी वाद्यं उचलली. लाल कोटांच्या बगलांतून एकदम काळ्या रेघा झळकल्या. लोकांना वाटलं, नवीन गणवेश केला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. वहिनीचं लक्ष सुरांकडे नव्हतंच. "तिसऱ्याची डावी बाजू किंचित ओढतेय," ती पुटपुटली.

"दादा, थंडी आहे आणि तुझा तो नवा कोट कुठे?" धाकट्याने विचारलं.

"तो काय," दादाने मांडवाकडे बोट दाखवलं. "वाजतोय."

धाकट्याला ते काही कळलं नाही, आणि दादाने त्याला सगळं सांगितलं. डब्यापासून सांगितलं, स्वतःची चूक न झाकता. धाकटा ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

कार्यक्रम संपला. बँडमास्तर घाम पुसत आला आणि त्याने वहिनीच्या हातात पाकीट ठेवलं. वहिनीने डब्यातले बाकीचे पैसे आधीच पर्समध्ये आणले होते, कारण इथूनच चष्मेवाल्याकडे जायचं होतं. तिने सगळे पैसे एकत्र केले आणि सगळ्यांसमोर दादाला दिले. "तुमच्याकडे ठेवा. गर्दी आहे."

दादाने ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. खिसा जड झाला, आणि छातीही.

"चला, काहीतरी गरम घेऊ," धाकट्याची बायको म्हणाली. सगळी मंडळी बागेच्या दाराजवळच्या टपरीकडे वळली. चहा झाला, कॉफी झाली, मुलांनी केकचे तुकडे घेतले, मग एकेकाने आणखी एकेक घेतला. टपरीवाल्याने बोटांवर हिशेब केला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांत मोठ्या माणसाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मुलांनीसुद्धा.

दादाचा हात निघाला. तो आपसूकच निघाला. वर्षानुवर्षांची सवय, तिला काय माहीत गाळा आणि चष्मेवाला? बोटं खिशात शिरली, नोटांना लागली. चहाच तर होता. एवढ्याशाने काय बिघडणार होतं? सुट्टीत प्रत्येक वेळी त्याने स्वतःला हेच विचारलं होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कपात उरलेली कॉफी हलवत होती.

दादाने हात बाहेर काढला. रिकामा. "आज माझ्याकडे माझे पैसे नाहीत," तो म्हणाला. "तू दे रे."

धाकट्याने घाईघाईने पाकीट काढलं, इतक्या घाईने की त्यातली नाणी खाली पडली. तो वाकून ती गोळा करत होता आणि वर बघत नव्हता.

"काय रे?" दादा म्हणाला. "मोठं बिल झालं का?"

"नाही." धाकटा उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "तू मला कधी देऊच दिलं नाहीस, दादा. मी इतकी वर्षं कमावतो. माझ्या मुलांसमोर, बायकोसमोर, प्रत्येक वेळी मी आपला हात खिशात घालून उभा. तुला वाटायचं तू मला सांभाळतोस."

दादाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि धाकट्याने टपरीवाल्याला पैसे दिले, वर सुटे परत घेतले नाहीत. सढळपणा घरातलाच होता.

चष्मेवाला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत होता. दादा आणि वहिनी जवळजवळ धावतच पोचली. चष्मेवाल्याने नोटा नाकाजवळ धरून पाहिल्या, खणातून किल्ली काढली आणि ती दादापुढे धरली. दादाने ती घेतली नाही. "त्यांच्याकडे द्या," तो म्हणाला. "गाळा त्यांचा आहे."

गाळ्यात अजून दिवा नव्हता. रस्त्यावरचा उजेड काचेतून फरशीवर पडला होता. धूळ होती, भिंतीला एक खिळा होता, बाकी काही नव्हतं.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "पैसे माझ्याकडे का दिलेस? तुला माहीत होतं ना, टपरीवर थांबणार सगळे?"

"माहीत होतं."

"आणि मी दिले असते तर?"

"तर काय. फ्रिजशेजारी बसले असते मी अजून काही वर्षं." वहिनी गाळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "पण नाही दिलेत ना."

मग तिने दोन्ही हात बाजूंना पसरले, माप घेताना गिऱ्हाइकाला पसरायला सांगायची तसे, अगदी पूर्ण, बोटांच्या टोकांपर्यंत. ते कशालाच लागले नाहीत. ती तशीच उभी राहिली, आणि दादा दारात उभा राहून तिला बघत राहिला.